वासाची तक्रार : ऐकावी कशी, शोधावी कशी, मिटवावी कशी

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणेमळा आणि पाचट याच विषयांवर लिहितो. यावेळचा विषय जरा निराळा आहे. काहीजण त्याला नाक मुरडतील, आणि ते योग्यच ठरेल, कारण विषय वासाचा आहे. कारखाना, डिस्टिलरी आणि प्रेसमडचे यार्ड यांच्या आसपास राहणाऱ्यांना येणारा वास, त्याच्या तक्रारी, आणि त्या तक्रारींचे आपण काय करतो, याबद्दल चार शब्द लिहायचे आहेत.

हा विषय ऊस विकास विभागाने का घ्यावा, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. तक्रार असलेला माणूस सहसा कारखान्याच्या ऑफिसात जात नाही. तो आमच्या चिटबॉयला बांधावर अडवतो, नाहीतर गट ऑफिसच्या पायरीवर येऊन बसतो. त्यांतले पुष्कळजण आपलेच ऊसउत्पादक सभासद असतात. ज्याच्या उसाची नोंद आम्ही घेतो, त्याच्याच घरात आपला वास जातो. तेव्हा हा विषय टाळून चालणार नाही.

एका पहाटेची गोष्ट

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट आहे. कंपोस्ट यार्डाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या कडेने आठ-दहा घरांची एक वस्ती आहे. तिथून वासाची तक्रार आली. आम्ही लगेच गेलो. शेतकी विभागाची सकाळची कामे उरकून पोहोचायला अकरा-साडेअकरा वाजले. लख्ख ऊन होते, वारा होता, वास काही नव्हता. वहीत लिहिले, ‘वास आढळला नाही.’ आठ दिवसांनी पुन्हा तक्रार, पुन्हा दुपारची फेरी, पुन्हा तोच शेरा. तिसऱ्या वेळी वस्तीवरच्या एका मावशींनी आम्हाला उभे केले.

“सायेब, वास घावंल कसा? तुमी येताय उन्हं वर आल्यावर, अन् वास येतोय पहाटं. एक रात मुक्कामाला या, मंग लिवा काय लिवायचं ते.”

आम्ही दोघे गेलो. ओसरीवर अंथरूण टाकले. पहाटे साडेचारच्या सुमारास जाग आली ती वासानेच. कुजक्या अंड्यांचा वास, आणि त्याच्या जोडीला काहीतरी आंबट, खवट. आत पोरे वाकळ नाकावर ओढून झोपली होती. मावशींनी चूल पेटवली, चहा टाकला आणि कप पुढे केला. म्हणाल्या, “घ्या, बगा जातोय का घशाखाली.” खरे सांगायचे तर गेला नाही.

त्याच ओसरीवर आम्हाला आणखी एक गोष्ट समजली. थोरल्या नातीला बघायला पाहुणे आले होते. मुक्कामाला राहिले, आणि सकाळी न जेवताच उठून गेले. नकार कशापायी आला हे कुणी सांगितले नाही, पण घरच्यांनी तो वासाच्या खात्यावर मांडून ठेवला आहे. त्या घराचा ऊस गेली कित्येक वर्षे आपल्या गव्हाणीत पडतो.

तीन वेळा आम्ही जो शेरा लिहिला तो खोटा नव्हता, पण चुकीचा होता. चूक आमची होती. तेव्हापासून या विषयाचा आम्ही जो काही अभ्यास केला, तो आपल्यापुढे ठेवतो.

दुपारी नाही, मग पहाटेच का?

दिवसा ऊन तापते, जमीन तापते, जमिनीलगतची हवा गरम होऊन वर जाते. तिच्याबरोबर वासही वर जातो आणि पातळ होतो. रात्री उलटे होते. आभाळ निरभ्र असले आणि वारा पडला की जमीन भराभर थंड होते आणि तिच्यालगतची हवाही गार होते. गार हवा जड, म्हणून ती तळाशीच बसते, आणि तिच्या वर उबदार हवेचे झाकण पडते. खालचा वास वर जाऊ शकत नाही. थंडीत गावावर धुराचा पट्टा आडवा तरंगताना आपण बघतोच, तोच हा प्रकार.

दुसरी गोष्ट उताराची. ही जड हवा पाण्यासारखी वागते. उताराने सरकत ओढ्याच्या खोलगटात उतरते आणि ओढ्याच्या वाटेने खाली वाहते. दिवसा वारा कुठूनही असो, पहाटे वासाची वाट ओढ्याने ठरवलेली असते. त्यामुळे यार्डाच्या अगदी शेजारी, पण उंचावर असलेल्या घराला काहीच त्रास नाही, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाच्या घराला झोप नाही, असे घडते.

आता आपला गळीत हंगाम बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला मोळी पडते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत गाळप चालते. म्हणजे वासाचा माल जेव्हा सर्वात जास्त तयार होतो, नेमकी तेव्हाच थंडी आणि झाकणाची हवा असते. हा दुहेरी योग आपल्या धंद्यातच आहे. तो ओळखून वागणे एवढेच आपल्या हातात आहे.

आपल्याला का येत नाही?

डिस्टिलरीतला कामगार म्हणतो, “कसला वास? आम्ही रोज इथंच असतो.” तो खोटे बोलत नाही. सतत एकाच वासात राहिले की काही मिनिटांतच नाक त्या वासाची दखल घेणे सोडून देते. गोठ्यात राबणाऱ्याला शेणाचा वास येत नाही, तसेच हे. म्हणून ‘आम्हाला तर येत नाही’ हे तक्रारीवरचे उत्तर होऊच शकत नाही. आपला तो बाब्या हा न्याय वासालाही लागू आहे.

इथे जिवाशी गाठ असलेली एक गोष्ट सांगून ठेवतो. कुजक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू. माणसाच्या नाकाला तो हवेच्या अब्जावधी भागांत काही थोडे भाग असला तरी कळतो. पण तोच वायू वाढून दशलक्ष भागांत शंभराच्या आसपास गेला की नाकाची जाणीवच बंद पडते. माणसाला वाटते वास गेला, प्रत्यक्षात धोका वाढलेला असतो. स्पेंटवॉशची टाकी, बंद चेंबर, मळीच्या पाण्याचा खड्डा यांत कोणीही, कोणालाही वाचवण्यासाठीसुद्धा, साधनांवाचून उतरू नये. उतरणारा आणि त्याला काढायला गेलेला, दोघेही दगावतात.

वास येतो कुठून?

नुसते ‘घाण वास’ एवढे लिहून उपयोग नाही. वासाची जात सांगितली की उगम निम्मा सापडतो.

१. कुजक्या अंड्यांचा वास : स्पेंटवॉश, म्हणजे गावात ज्याला मळीचे पाणी म्हणतात ते, हवेवाचून साचले की हा वास सुटतो. साखर शुभ्र करण्यासाठी आपण गंधकाचा धूर वापरतो, डिस्टिलरीत आम्लही वापरले जाते. त्यातला गंधक मळीच्या पाण्यात उतरतो आणि हवेवाचून जगणारे जिवाणू त्याचा हा वायू बनवतात.

२. आंबट, खवट, नासक्या तुपासारखा वास : आंबवण्याच्या टाक्या, सांडलेले मोलॅसिस, तुंबलेली गटारे.

३. गोठ्यातल्या मुतारीसारखा, डोळ्यांना झोंबणारा वास : कंपोस्टच्या ढिगातून सुटणारा अमोनिया.

४. फटाक्याच्या दारूसारखा, घसा धरणारा वास : गंधक जाळण्याच्या भट्टीतली गळती. हा नुसता वास नव्हे, दम्याच्या माणसाला तो अपायकारक आहे. तो आला की त्याच क्षणी सल्फर विभागाला कळवावे.

५. कुबट, बुरशीचा वास : भिजलेला बगॅस.

पसारा किती मोठा आहे तेही बघू. समजा कारखाना रोज ५,००० टन गाळतो. उसाच्या वजनाच्या साधारण साडेतीन टक्के प्रेसमड निघते, म्हणजे दिवसाला १७५ टन. जोडीला रोज ६०,००० लिटरची डिस्टिलरी असली, तर एक लिटर अल्कोहोलमागे दहा लिटर धरून सहा लाख लिटर स्पेंटवॉश झाले. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते यावरून घाणीचे माप करतात. त्या मापाने या कच्च्या स्पेंटवॉशची रोजची घाण पाच-सहा लाख वस्तीच्या शहराच्या सांडपाण्याइतकी भरते. त्यावर बायोगॅस, बाष्पीभवन, बॉयलरमध्ये जाळणे, कंपोस्ट असे उपाय आहेत आणि ते चालूही असतात. पण इतक्या मोठ्या पसाऱ्यात एका पाळीची ढिलाई झाली तरी ती वस्तीवर पोहोचते.

लांबच्या देशातला एक धडा

वासाच्या तक्रारी कशा हाताळाव्यात याचा मोठा अनुभव गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या काही गावांना आला, आणि तो गांजाच्या धंद्यामुळे आला. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजा पिकवणे आणि विकणे हा गुन्हा आहे. त्या पिकाची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. धडा फक्त वासाचा घ्यायचा आहे, आणि तो आपल्याला चपखल बसतो. कारण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की गांजाच्या फुलोऱ्याच्या उग्र वासामागे गंधकाचीच काही संयुगे आहेत. आपल्या मळीच्या पाण्याप्रमाणे तीही अगदी किंचित असली तरी नाकाला कळतात.

कोलोरॅडो राज्यात २०१२ च्या मतदानाने गांजा कायदेशीर झाला आणि २०१४ पासून उघड विक्री सुरू झाली. डेन्व्हर शहरात गोदामांमध्ये दिव्यांखाली त्याची लागवड होऊ लागली. गोदामांना लागून कामगारांच्या वस्त्या होत्या, तिथून तक्रारी सुरू झाल्या. शहराने २०१६ मध्ये नियम सुधारला. गांजा पिकवणाऱ्यांनी, आणि पाळीव जनावरांचे खाद्य बनवणाऱ्या कारखान्यांसारख्या काही वासाच्या धंद्यांनीही, वास कसा आवरणार याचा लेखी आराखडा आधीच द्यायचा. बारा तासांत पाच वेगवेगळ्या घरांतून एकाच वासाची तक्रार आली तर तीसुद्धा कारवाईला कारण होते. तपासनीस एक नाकाला लावायचे यंत्र वापरतात, त्याचे नाव नेझल रेंजर. वासाच्या एका भाग हवेत सात भाग स्वच्छ हवा मिसळूनही वास येत असेल, तर तो मर्यादेबाहेर गेला असे धरतात.

यात घेण्यासारखे आहे तसे न घेण्यासारखेही आहे. आराखडा आधी लिहून ठेवणे हे घेण्यासारखे. पाच घरांचा नियम मात्र आपल्याला चालणार नाही. शहरात गल्लीत पन्नास घरे असतात. आपल्या ओढ्याकाठी वस्तीच तीन घरांची असली तर पाच तक्रारी आणायच्या कुठून? आपल्याकडे एका घराची तक्रारही पुरी तक्रार धरली पाहिजे.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातले. तिथे सांता बार्बरा काउंटीत कार्पिन्टेरिया नावाचे समुद्रकाठचे छोटे गाव आहे. तिथल्या काचघरांत पूर्वी फुलांची शेती चाले. २०१६ च्या मतदानानंतर त्यांतली बरीच काचघरे गांजाकडे वळली. घरे आणि शाळा जवळच, त्यामुळे लोक चिडले. उत्पादकांनी आधी काय केले, तर काचघराभोवती नळ्या फिरवून वनस्पतीजन्य तेलांची वाफ हवेत सोडली, म्हणजे वास मारला जाईल. लोक म्हणाले, आता एकाऐवजी दोन वास येतात. पुढे काहींनी आतल्या आत हवा कार्बनमधून गाळणारी यंत्रे बसवली. २०२५ मध्ये काउंटीच्या मंडळाने अशी गाळण सक्तीची करण्याचा निर्णय घेतला. तिथल्या नियमात आणखी एक चांगली गोष्ट आहे. १,००० फुटांच्या आतल्या रहिवाशांना एका जबाबदार माणसाचे नाव आणि दिवसरात्र लागणारा फोन नंबर द्यावा लागतो.

आपल्यासाठी यातून निघते ते इतके. वासावर अत्तर शिंपडून वास जात नाही, तो उगमाशीच अडवावा लागतो. आणि तक्रार करायची कुणाकडे हे लोकांना आधीच ठाऊक असेल तर निम्मा राग तिथेच ओसरतो.

कायदा काय म्हणतो?

मध्य प्रदेशातल्या रतलाम गावी लोक उघड्या गटारांना आणि जवळच्या अल्कोहोल प्लँटमधून रस्त्यावर येणाऱ्या दुर्गंधीच्या पाण्याला कंटाळले आणि दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. पैसा नाही ही सबब ऐकली जाणार नाही असे त्यात ठामपणे सांगितले, आणि अल्कोहोल प्लँटचे पाणी रस्त्यावर येणे थांबवा असाही हुकूम झाला. तो अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली होता. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. वस्तीवरचा साधा माणूसही त्याखाली प्रांतसाहेबांकडे दाद मागू शकतो. शिवाय १९७४ चा पाण्याचा आणि १९८१ चा हवेचा कायदा आहेच, आणि त्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे.

कोणी म्हणेल, देशाच्या २००९ च्या हवेच्या मानकांत बारा घटक आहेत, त्यांत हायड्रोजन सल्फाइड नाही, मग आपल्याला भीती कसली? हा विचार घातक आहे. उपद्रव ठरवायला मापयंत्राचा आकडाच लागतो असे नाही, माणसांचा त्रास पुरेसा असतो. आणि शेजाऱ्याची झोप उडाली की नाही, हे आकडा सांगणारही नाही.

तक्रार आली की काय करावे?

आमच्या गट ऑफिसांतून आम्ही आता पुढील रीत ठेवली आहे. ती परिपूर्ण आहे असा दावा नाही.

१. आधी ऐकून घ्यावे. मध्येच ‘कारखाना तुमचाच ना?’ असे म्हणू नये. त्या माणसाला ते माहीत असते, म्हणूनच तो मोर्चा न काढता आपल्याकडे आलेला असतो.

२. लगेच नोंद करावी. रजिस्टरात रकाने सहा : तारीख आणि वेळ, ठिकाण, वासाची जात, किती उग्र, किती वेळ टिकला, वारा कुठून होता. वारा समजण्यासाठी यार्डावर आणि वस्तीवर एकेका बांबूला कापडाची पट्टी बांधून ठेवली आहे. खर्च काही नाही.

३. वासाच्या वेळेलाच जावे. फोन पहाटे आला तर पहाटेच. शक्यतो तासाभरात. उद्या दुपारी जाऊन केलेली पाहणी ही पाहणी नव्हे.

४. योग्य नाक पाठवावे. डिस्टिलरीत पाळी करून आलेला माणूस पाठवू नये. जाणाऱ्याने आधी काही वेळ स्वच्छ हवेत थांबावे. तंबाखूचा बार भरून तर मुळीच जाऊ नये. ही सूचना आम्हाला आमच्याच एका सहकाऱ्यामुळे लिहावी लागली आहे.

५. उगम शोधावा. वास जिथून येतो त्या दिशेने चालत राहावे. ज्या जागेच्या पुढे वास एकदम संपतो, उगम तिच्या मागेच असतो. कधीकधी वास आपला नसतो, एखाद्या पोल्ट्रीचा किंवा मेलेल्या जनावराचा असतो. तेही शांतपणे दाखवून द्यावे.

६. उत्तर द्यायला परत जावे. हे सर्वात महत्त्वाचे आणि सर्वात जास्त राहून जाणारे. काय सापडले, काय केले, काय अजून करता आले नाही, हे त्याच घरी जाऊन सांगावे. ‘दोन दिवस लागतील’ असे सांगितलेले लोक सोसतात. काहीच न सांगणे सोसत नाहीत.

७. महिन्यातून एकदा नोंदी एकत्र वाचाव्यात. आम्ही वाचल्या तेव्हा बहुतेक नोंदी पहाटेच्या, वारा पडलेला असतानाच्या, आणि ढीग ओले केल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या निघाल्या. एकेकटी तक्रार जे सांगत नाही ते रजिस्टर सांगते.

यार्डावर काय बदलले?

रजिस्टराने आमचे दोष आम्हाला दाखवले. साठवण टाकी रिकामी करायच्या घाईत ढिगांवर स्पेंटवॉश प्रमाणाबाहेर सोडला जात होता. कंपोस्टमध्ये ओल ५० ते ६० टक्के हवी. त्याहून जास्त झाली की ढिगातली पोकळी पाण्याने भरते, हवा कोंडते आणि कुजका वास सुटतो. ओल बघायला यंत्र नको. मूठभर माल घेऊन दाबावा. बोटांच्या फटीत चार थेंब दिसले तर ओल ठीक. धार लागली तर जास्त, भुगा झाला तर कमी.

ढीग उलटवण्याचे यंत्र पूर्वी पहाटेच्या पाळीत चाले, कारण तेव्हा गारवा असतो. ढीग उलटवताना आत कोंडलेला सगळा वास एकदम बाहेर पडतो, आणि तोही झाकणाच्या हवेत. आता हे काम सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेतच होते. ताज्या ढिगावर तयार कंपोस्टचा वीतभर थर देतो. तो थर वास गाळतो. ओढ्याच्या बाजूचे ढीग हलवून वरच्या अंगाला घेतले. गटारे आठवड्याला उपसली जातात.

वास संपला का? नाही. या हंगामातही पाच-सात पहाटे वाईट गेल्या. एकदा टाकी भरत आली म्हणून नियम मोडून ढीग भिजवले गेले, आणि दुसऱ्या पहाटे फोन आलाच. पण यावेळी फोन येताच काय झाले ते आम्हाला माहीत होते, आणि ते आम्ही जाऊन सांगितले. मावशी म्हणाल्या, “कबूल तरी केलंत.” कबुलीने वास कमी होत नाही. पण कबुलीनंतरच काम सुरू होते.

सभासदांनी आपल्या रानात घ्यायची काळजी

सगळा वास कारखान्याचाच असतो असेही नाही. ट्रॉलीने नेलेले ओले प्रेसमड वस्तीच्या कडेला महिनोन्‌महिने ढीग करून ठेवणारे सभासद आहेत. त्यांना विनंती अशी :

१. प्रेसमड किंवा कंपोस्ट नेल्यावर ढीग ठेवू नये. शक्य तितक्या लवकर पसरून मातीत मिसळावे.

२. ठेवणे भागच असेल तर घरे, शाळा, विहीर आणि ओढा यांपासून लांब, उंच जागी ठेवावे आणि वर पाचटाचा किंवा मातीचा थर द्यावा.

३. पसरण्याचे काम उन्हाच्या वेळी करावे, संध्याकाळी नाही.

४. शेजाऱ्याच्या घरी लग्नकार्य, बारसे, दहावे असेल तर काम चार दिवस पुढे ढकलावे. आधी सांगितले तर शेजारी एक दिवसाचा वास सोसतो.

५. कोणी टँकरवाला ‘फुकटात मळीचे पाणी टाकतो’ म्हणाला तर त्याला शेतात घेऊ नये. विनापरवाना पाणी सोडणे बेकायदा आहे, आणि त्याने विहीर गेली तर ती परत येत नाही. असा टँकर दिसल्यास गट ऑफिसला कळवावे, मग तो कुणाचाही असो.

शेवटी

इथेनॉलमुळे डिस्टिलऱ्या वाढल्या आहेत. त्यातून उसाला चार पैसे जास्त मिळावेत ही आपली सर्वांची इच्छा आहे, आमचीही आहे. पण ते चार पैसे सभासदांत वाटले जातात आणि वास मात्र यार्डाखालच्या आठ-दहा घरांच्याच वाट्याला येतो. त्या घरांत सभासद आहेत, बिगरसभासद आहेत आणि भूमिहीन मजूरही आहेत. सहकार म्हणजे नफ्याची वाटणी, तशी तोशिशीचीही वाटणी. त्यांच्या वाट्याची तोशीस कमी करणे हे त्यांच्यावरचे उपकार नव्हेत, ते आपले देणे आहे.

म्हणून सर्व सभासदांना विनंती आहे की वास आला तर मनात ठेवू नका आणि एकदम भांडायलाही येऊ नका. वेळ लिहा, बांबूवरची पट्टी बघा, आणि गट ऑफिसला फोन करा. पहाटे केलात तरी चालेल. आम्ही पहाटेच येऊ.

ज्या घरच्या ओसरीवर आम्ही ती रात्र काढली, तिथे यंदा आम्ही पुन्हा गेलो होतो, तेही पहाटे, न बोलावता. वास होता, पण अगदी मंद. मावशींनी चहा दिला. यावेळी तो आम्ही प्यायलो.